कचेरी आणि कुटुंब

जुन्या मराठी लेखनात 'कुटुंब' ह्या शब्दाचा एक अर्थ बायको असा होता. 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे एखाद्या गृहस्थाने म्हटले, तरी त्याची आई, मुले व धाकटा भाऊ घरीच असत. गेलेली असे ती एकटी बायको. ह्या प्रयोगाला आम्ही पुष्कळ वर्षे हसत आलो. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात अशी एक गोष्ट घडली, की ज्या कोणी हा शब्द प्रथम त्या अर्थाने योजला असेल त्यास घरातला खरा व्यवहार आमच्यापेक्षा अधिक कळत असावा, असे वाटू लागले. ती गोष्ट सांगण्यापूर्वी आमचा दिनक्रम थोडक्यात सांगणे भाग आहे.

आम्ही राहतो वर्ध्यास आणि चाकरी करतो नागपुरास. मध्ये सुमारे पाऊणशे किलोमीटरांचे अंतर आहे. ते रोज सकाळी तोडावयाचे व रोज संध्याकाळी पुन्हा तोडावयाचे, ह्याला आमच्याकडे 'अप-डाऊन' म्हणतात; आणि हे व्रत आचरणाऱ्यांची एक स्वतंत्र जातच बनली आहे. तिचे लोक एकमेकांस नावाने कमी व गाडीने अधिक ओळखतात. वर्ध्याचे घर सोडून नागपुरास बिऱ्हाड का केले नाही, असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपे आहे. आमची पत्नी सेलू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि आमच्या आईला वर्ध्याच्या विहिरीचे पाणी सोडून दुसरे रुचत नाही. तेव्हा पहाटे साडेचारला घरातला दिवा लागतो, दोन डबे भरले जातात, मुलीची वेणी घातली जाते, आईच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या जातात. मग आम्ही स्टेशनाकडे व पत्नी थोड्या वेळाने एस. टी.च्या थांब्याकडे, एस. टी. न मिळाल्यास काळीपिवळीकडे निघते. वाचकांनी पाहिले असेल, की वरच्या वाक्यातली अर्धीअधिक क्रियापदे कर्मणी आहेत. दिवा लागतो, डबे भरले जातात, वेणी घातली जाते. हे सर्व कोण करते, ते त्या वाक्यात नाही. आम्हीही तो प्रश्न स्वतःस कधी विचारला नव्हता.

मोबाइल ह्या यंत्राची निंदा करणे हा अलीकडच्या निबंधकारांचा आवडता उद्योग आहे. आम्ही त्या पंथातले नव्हे. ह्या यंत्राचे आमच्यावर उपकार आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पूर्वी गाडी किती उशिरा आहे हे फलाटावर जाऊनच कळे. आता ती सिंदीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे चहा घेता घेता कळते. विजेचे बिल भरण्यास एक अर्धा दिवस रजा काढावी लागे. २०१६ साली यूपीआयची सोय झाल्यापासून ते काम अंथरुणावर पडल्या पडल्या होते. गॅसचे सिलिंडर, शाळेची फी, आईच्या तपासणीची वेळ, सर्व काही तळहातावर येऊन बसले. आम्ही एकदा हिशेब मांडला, तेव्हा महिन्याकाठी आठ-दहा तास ह्या यंत्राने आम्हांस वाचवून दिले असे दिसले. आठ-दहा तास म्हणजे मुलीबरोबर दोन-तीन रविवार संध्याकाळी फिरावयास जाणे, किंवा तीन-चार चांगली पुस्तके वाचून संपवणे.

मग ते तास गेले कोठे? ना आम्ही फिरावयास गेलो, ना पुस्तके वाचली. फेब्रुवारी २०२३मध्ये वर्ध्यास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यातून मोठ्या हौसेने आणलेल्या अकरा पुस्तकांपैकी नऊ पुस्तकांची पाने वर्षभरानंतरही एकमेकांना चिकटलेलीच होती. पुष्कळ शोध केल्यावर त्या तासांचा माग लागला. ज्या यंत्राने बिल भरले, त्याच यंत्रावर कचेरीतल्या मंडळींचा एक गट होता. पूर्वी वरिष्ठांना एखादी माहिती संध्याकाळी सहानंतर हवी झाली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हवी होण्याचे थांबे. आता ती साडेसात वाजता धावत्या गाडीत हवी होऊ लागली, आणि आम्ही ती देऊ लागलो. पहिल्या वेळी दिली तेव्हा तत्परतेबद्दल अंगठ्याचे एक चित्र आले. दहाव्या वेळेपासून चित्रही येईनासे झाले. उलट उत्तरास वीस मिनिटे लागली तर प्रश्नचिन्ह येऊ लागले. थोडक्यात, वाचलेला वेळ घरी पोहोचतच नव्हता. तो बुटीबोरीच्या आसपास कोठेतरी उतरून परतीच्या गाडीने कचेरीत जात होता.

पत्नीची स्थिती ह्याहून बिकट होती. आमच्यासाठी ॲप ही निदान काही अंशी सोय तरी होती. शिक्षकांच्या मागे मात्र ते शुक्लकाष्ठ होऊन लागले आहे. हजेरी एका ठिकाणी भरा, आहाराचा तांदूळ दुसऱ्या ठिकाणी, प्रशिक्षणाची छायाचित्रे तिसऱ्या ठिकाणी. शाळेच्या गावी रेंज येत नसली, की ते सर्व काम घरी येई व रात्री भाकरी झाल्यावर ओट्याशेजारी उभ्याने होई. तो काळ २०२० सालच्या टाळेबंदीने शिकविला असे पुष्कळांचे म्हणणे आहे, व त्यात तथ्य आहे. त्या वर्षी कचेरी आणि शाळा ह्या दोन पाहुण्या आमच्या घरी राहावयास आल्या. पुढे कचेऱ्या व शाळा उघडल्या, पण ह्या पाहुण्या परत गेल्या नाहीत.

आता ती गोष्ट. आमच्या आईस रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात. एका आठवड्यात त्या संपल्या. पत्नीस वाटले, आम्ही नागपुराहून आणू. आम्हांस वाटले, पत्नी सेलूहून आणील. आई दोन दिवस काही बोलली नाही, कारण तिच्या मते दोघेही दमून येतात आणि दोन दिवसांनी काय बिघडते! तिसऱ्या रात्री तिला घेरी आली व ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडले नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांकडे न पाहता भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होतो.

ह्यापुढे असे होऊ नये म्हणून आम्ही मोठ्या धोरणीपणाने एक उपाय योजला. सामाईक यादीचे एक ॲप दोघांच्याही मोबाइलवर घेतले. घरातले जे काम असेल ते तेथे लिहावयाचे, आणि ज्याने ते केले त्याने खूण करावयाची. युक्ती उत्तम होती, हे आम्ही आजही म्हणू. गोळ्या पुन्हा कधी संपल्या नाहीत. परंतु ह्या यंत्रास एक खोड असते: ते सर्व लक्षात ठेवते. महिना संपल्यावर आम्ही सहज मागे जाऊन पाहिले. एकशे त्रेचाळीस कामे झाली होती. त्यांपैकी आमच्या नावावर एकतीस होती, व त्या एकतिसांतली एकोणीस वर सांगितल्याप्रमाणे अंथरुणावर पडून करण्याजोगी होती.

हे वाचून कोणी म्हणेल, की लेखक बेजबाबदार गृहस्थ दिसतो. आमचे दुःख निराळेच आहे. आम्ही स्वतःस घरकामात अर्धा वाटा उचलणारे सुधारक समजत होतो, आणि गाडीत ह्या विषयावर दोन-तीनदा बोललोही होतो! पत्नीस तो आकडा दाखविला, तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, ह्यात जे लिहिलं ते तरी दिसतंय. मुलीला कोणत्या दिवशी कोणता गणवेश, आत्याबाईंना कोणती भाजी चालत नाही, हे कुठं लिहायचं?" ह्या प्रश्नास आमच्याकडे उत्तर नव्हते. 'कुटुंब' ह्या शब्दाचा जुना अर्थ आम्हांस त्या रात्री कळला. घर हे ज्या एका माणसाच्या डोक्यात वसते, त्या माणसासच आमचे पूर्वज कुटुंब म्हणत होते.

हा दोष आमच्या एका घराचा असता, तर तो छापून आणण्याचे प्रयोजन नव्हते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असे आढळले, की घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवितात, आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे. 'करणारे पुरुष' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण असे काम मुळी करणारे पुरुष शंभरांत सव्वीसच निघाले, स्त्रिया मात्र एक्याऐंशी. म्हणजे आम्ही सव्वीसांत मोडतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पण ह्या समाधानावर फार वेळ बसता येत नाही.

ह्या सुमारास आमच्या दहा वर्षांच्या कन्येने एक उद्योग केला. घरच्या सामाईक यादीला जोडून एक दिनदर्शिका असते. तीत कचेरीच्या बैठका, शाळेच्या परीक्षा, आजीची तपासणी असे सर्व लिहिलेले असे. एका सोमवारी गाडीत बसलो असता मोबाइलने सूचना दिली: 'बाबांशी बोलणे, ८.३०.' आम्हांस प्रथम वाटले, कोणाची तरी चूक झाली. घरी येऊन विचारले तेव्हा कन्या म्हणाली, "त्यात लिहिलेलं तुम्ही करता ना, म्हणून लिहिलं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने आमची रीत पाहिली होती व त्या रीतीने अर्ज केला होता.

पुढच्या रविवारी आम्ही मोबाइल घरी ठेवून तिला घेऊन सेवाग्रामास गेलो. वर्ध्याच्या माणसाचे सेवाग्रामाशी नाते काशीच्या माणसाचे गंगेशी असते तसे आहे: पाहुणा आला म्हणजे दाखवावयाचे, एरवी जवळून जावयाचे. एप्रिल १९३६च्या अखेरीस गांधीजी त्या खेड्यात राहावयास आले. तेव्हा त्याचे नाव शेगाव होते, सेवाग्राम हे नाव १९४०पासूनचे. कन्येला बापूकुटीपेक्षा साप पकडून दूर सोडण्यासाठी केलेला लाकडी चिमटा व पिंजरा अधिक आवडला, हे सांगावयास नकोच. परंतु तेथे दुसरी एक वस्तू आहे, ती पाहून आम्ही थबकलो. ती म्हणजे दूरध्वनीची जुनी पेटी. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो दूरध्वनी बसविला होता, असे तेथे सांगतात. साम्राज्याचा अधिपती ज्यावरून बोलणार, ते यंत्र गांधीजींच्या उशाशी नव्हते. त्यासाठी वेगळी जागा होती. सोमवारी तर गांधीजींचे मौन असे. जगातला कोणताही प्रश्न मंगळवारपर्यंत थांबू शकतो, असे मानणारा माणूस काही आळशी म्हणून प्रसिद्ध नाही.

मात्र ह्यावरून गांधीजींच्या आश्रमात काम आणि घर ह्यांचा मेळ छान बसला होता, असे कोणी समजू नये. तसे समजण्याच्या बेतात आम्हीही होतो. पण थोडे पुढे महादेवभाईंची कुटी आहे. महादेव देसाई १९१७ साली गांधीजींपाशी आले, ते पंचवीस वर्षे त्यांचे चिटणीस होते. पत्रे, भाषांतरे, 'हरिजन'चे लेखन, पाहुण्यांची व्यवस्था, आणि रोज जे घडे त्याची टिपणे. ही टिपणे पुढे अनेक खंडांत छापली गेली. गांधीजींची गुजराती आत्मकथा इंग्रजीत आणली ती त्यांनीच. गांधीजी शेगावास राहावयास गेले त्यानंतर काही काळ महादेवभाईंचे बिऱ्हाड वर्ध्यास मगनवाडीतच होते. मगनवाडी ते शेगाव साडेपाच मैल. ते सकाळी टपाल घेऊन पायी जात व काम आटोपून पायी परत येत. दिवसाचे अकरा मैल झाले. आणि एखाद्या दिवशी दोन खेपाही होत. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांस ह्यावर भाष्य करण्याची गरज नाही. आम्ही गाडीत पंख्याखाली बसून अप-डाऊनचा त्रास सांगणारे, त्या कुटीसमोर उगाच ओशाळलो.

कन्येने विचारले, "मग ते घरी केव्हा यायचे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे पुस्तकांतून शोधले. महादेवभाईंचे पुत्र नारायण देसाई यांनी वडिलांचे मोठे चरित्र गुजरातीत लिहिले; त्यास १९९३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर आम्ही मोबाइलवर घेऊन गाडीत वाचले, व ह्या यंत्राने आमच्यावर केलेल्या उपकारांत हा सर्वांत मोठा मानतो. महादेवभाईंनी हा प्रश्न सोडविला तो घर आणि काम ह्यांमधली भिंतच पाडून. नारायणाने लहानपणीच शाळा सोडली; त्यांचे शिक्षण वडिलांपाशी व आश्रमातल्या इतर मंडळींपाशी झाले, आणि मुलगा वडिलांच्या कामात हात घालू लागला. कामाच्या वेळी बाप भेटत होता. ज्या मुलाला शाळा, बाप आणि देशाचा इतिहास एकाच अंगणात मिळाले, त्याची तक्रार असण्याचे कारण नव्हते; व त्या चरित्रात ती आम्हांस दिसली नाही. पण भिंत पाडली म्हणजे छप्पर कशावर टेकवावयाचे, हा प्रश्न उरतो. १९३८ साली महादेवभाईंची प्रकृती अतिश्रमाने ढासळली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुंबईस अटक झाली आणि १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांस पन्नास वर्षे पुरी होऊन साडेसात महिने झाले होते. नारायण तेव्हा सतरा वर्षांचे होते. आणि दुर्गाबेन? महादेवभाईंच्या ह्या पत्नीचे नाव आश्रमात येणाऱ्या कितीशा प्रवाशांस ठाऊक असते! एवढे अकरा मैल चालून आलेल्या माणसासाठी मगनवाडीत कोणी दिवा लावला होता की नाही, हे विचारण्यास आम्हांस आमची एकशे त्रेचाळीस कामांची यादी शिकवून गेली. एरवी आम्ही ते विचारले नसते.

कस्तुरबांची कुटीही अशाच एका अडचणीतून उभी राहिली. आरंभी सारे एकाच आदिनिवासात राहत; येणारे-जाणारे, आजारी, पाहुणे, सर्व तेथेच. त्या गर्दीत बांना स्वतःचा असा कोपरा नव्हता. जमनालाल बजाजांच्या ते लक्षात आले व त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधविली. देशाच्या कामास एका घराची सर्व दालने अर्पण झाली, तेव्हा त्यातले एक दालन परत मागण्याचा मान एका व्यापाऱ्याला मिळाला, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोज्ञ वाटते. जमाखर्च ज्याला कळतो त्यालाच तूट दिसते.

आश्रमाच्या पुस्तकविक्रीतून कन्येसाठी आम्ही नारायण देसाई यांचेच 'बापू की गोद में' हे बालपणीच्या आठवणींचे हिंदी पुस्तक घेतले. वर्ध्याला हिंदी परकी नाही. ते रोज रात्री दोन-तीन पाने मोठ्याने वाचावयाचे ठरले, आणि त्यासाठी घरात दूरध्वनीची पेटी स्थापन झाली. ही पेटी म्हणजे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. तो देवघराच्या कोनाड्याखाली ठेवला आहे. घरी आल्यावर मोबाइल त्यात ठेवावयाचा, झाकण लावावयाचे, व सकाळी काढावयाचा. खणखणाट झाल्यास उठून जाऊन बोलता येते. पण उठून जावे लागते, हाच काय तो फरक. फ्रान्सने २०१७च्या आरंभापासून कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच हक्काचे खाजगी विधेयक मांडले होते. खाजगी विधेयकांचे आपल्याकडे बहुधा जे होते ते त्याचेही झाले. आमचा डबा ह्या दोहोंच्या मधला आहे. वरिष्ठांस आम्ही एकदाच नम्रपणे कळविले, की रात्री आठनंतरच्या प्रश्नांची उत्तरे सकाळच्या गाडीतून येतील. पहिले दोन आठवडे प्रश्नचिन्हे आली. मग ती सकाळी येऊ लागली. एका कामात मात्र आमचे नाव मागे पडले व ते काम दुसऱ्या एका अविवाहित तरुणाकडे गेले, हे लपविण्याचे कारण नाही. त्या कामाबरोबर जी बढती येण्याजोगी होती ती आता केव्हा येईल, सांगता येत नाही. पत्नीच्या शाळेची माहिती तर डब्यालाही जुमानत नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री झाकण उघडे राहते. त्या रात्री भाकरी आम्ही करतो. त्यांस भाकरी म्हणावे की नाही ह्याबद्दल आईचे मत प्रतिकूल आहे.

गाडीतला वेळ मात्र आमचा झाला. कचेरीचा गट बंद ठेवला, की जाता-येता दोन तास सलग मिळतात. घरात एवढा सलग वेळ राजालाही मिळत नाही. महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. मराठी विश्वकोश तर संपूर्णच तेथे वाचता येतो. एकदा सिंदी ते अजनी आम्ही 'कापूस' वाचत होतो, तेव्हा शेजारचा नेहमीचा सोबती डोकावून म्हणाला, "काय जी, भाव वाढला का?" त्याच्या शेतात त्या वर्षी बोंडअळी पडली होती. त्याला विश्वकोशातला भाव सांगता येण्याजोगा नव्हता, म्हणून आम्ही पुस्तक मिटले व अजनीपर्यंत त्याचे ऐकले. वाचनाचा तोही एक उपयोग म्हणावयाचा.

आई हल्ली बरी आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला आम्ही गोपुरीस गीताई मंदिरात नेले. तेथे छप्पर नाही, मूर्ती नाही. दगडी शिळा उभ्या आहेत व त्यांवर विनोबांची 'गीताई' कोरली आहे. आई एका शिळेपासून दुसऱ्या शिळेकडे काठी टेकत जाई, व कन्या तिला बोट लावून वाचून दाखवी. 'गीताई' कशी झाली हे आईला ठाऊक होते. विनोबांच्या आईला गीता ऐकावयाची होती, पण संस्कृत कळेना. मुलाने मराठी भाषांतर आणून दिले, तेही अवघड वाटले. तेव्हा ती मुलाला म्हणाली, की तूच का करीत नाहीस? विनोबांनी ते केले. परंतु त्यास हात घातला तो १९३० साली; आई १९१८ सालीच वारली होती. हे आम्ही कन्येस सांगत होतो. आई तोपर्यंत पुढच्या शिळेपाशी पोहोचली होती. ती तेथूनच म्हणाली, "अरे, त्याला तरी किती काम असेल." एवढे म्हणून तिने शिळेवरची धूळ पदराने पुसली.

परवा गाडी सिंदीपाशी पुष्कळ वेळ थांबली. यंत्र अडतीस मिनिटे उशीर दाखवीत होते, आणि ते खोटे ठरून तास झाला. साडेआठच्या सुमारास कन्येचा फोन आला. केव्हा येणार, हे तिने विचारले नाही. म्हणाली, "बाबा, आजची पानं मीच आजीला वाचून दाखवली. तुमच्यासाठी खूण ठेवलीय." घरी पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. आई व कन्या निजल्या होत्या. पत्नी उत्तरपत्रिका तपाशीत बसली होती व ताट झाकून ठेवले होते. पुस्तकात खूण म्हणून गोळ्यांची रिकामी पट्टी घातलेली होती. आम्ही मोबाइल डब्यात ठेवला, हातपाय धुतले, आणि मग आठवले, की आईच्या नव्या गोळ्या आम्ही येताना स्टेशनाजवळून घेतल्या आहेत व यादीवर त्याची खूण करावयाची राहिली आहे. खुणेसाठी पुन्हा झाकण उघडावे लागले असते. गोळ्यांची पिशवी आम्ही आईच्या वाटीशेजारी ठेवली, आणि उरलेल्या उत्तरपत्रिकांतल्या बेरजा तपासावयास घेतल्या.